मिडशिपचे नाना

क्रूझला जाऊन आलेली माणसं हल्ली प्रत्येक सोसायटीत दोन-चार सापडतात. ती बिचारी आठवडाभर फोटो पाठवतात, रंगीत पेल्यातली कागदी छत्री दाखवतात आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात. नाना त्यातले नव्हेत. नानांच्या मते क्रूझ ही परीक्षा आहे आणि बाकीचं जग अभ्यास न करता तिला बसतं. तुम्ही ओळखता त्यांना. तुमच्याकडे त्यांना अण्णा किंवा भाऊसाहेब म्हणत असतील. तुम्ही तिकीट काढल्याची बातमी तुमच्या बायकोच्या आधी त्यांना लागते. लिफ्टमध्ये गाठून पहिलाच प्रश्न येतो, "बुक करण्याआधी मला विचारलं का नाहीस?"

आमच्या सोसायटीचं मुंबई-गोवा-लक्षद्वीप क्रूझचं ठरलं तेव्हा नानांनी क्लबहाउसमध्ये बैठकच बोलावली. फळ्यावर खडूने जहाज काढलं.

"जहाज पुढून-मागून डोलतं तेव्हा ते सी-सॉ असतं. टोकावरचं पोर उडतं, मधे उभा राहिलेला मास्तर जागचा हलत नाही. आणि बाजूला कलतं तेव्हा तुम्ही जितके वर, तितका झोका मोठा. म्हणून खोली कुठे घ्यायची? खालचा डेक. मिडशिप."

"पण नाना, हल्ली जहाजांना स्टॅबिलायझर असतात ना?" सेक्रेटरींनी गूगल करून आणलेलं ज्ञान पुढे केलं.

"असतात की. पोटाला दोन्ही बाजूंनी पंख. ते कलणं कमी करतात, पुढून-मागून डोलणं नाही. त्याला इलाज एकच..." असं म्हणून नाना खडू वर धरून थांबले.

"मिडशिप!" मागच्या रांगेतून तिसरीतल्या एका मुलीने उत्तर दिलं. तिला तिथल्या तिथे आलेपाकाची वडी मिळाली.

हे खूळ जहाजापुरतं असतं तर चाललं असतं. नाना शिवनेरीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बरोबर मधली सीट मागतात. नाट्यगृहात मधली रांग, मधली खुर्ची. नाहीतर नाटक पुढच्या आठवड्यात. लग्नाच्या पंगतीतही मधेच बसतात, कारण दोन्ही टोकांकडून येणारे वाढपी उरलेली जिलबी मधल्या माणसाच्या पानात टाकून मोकळे होतात. हर्नियाच्या ऑपरेशनला गेले तेव्हा त्यांनी वॉर्डातली मधली खाट मागितली. हॉस्पिटल डोलत नाही, हे नर्सने सांगून पाहिलं. "अजून डोललं नाही," नाना म्हणाले.

बैठकीचा उत्तरार्ध सामानाचा होता. बंदरावर दिलेली बॅग केबिनपाशी यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, कागदपत्रं, चार्जर आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत. केबिनच्या भिंती पोलादी, तेव्हा चुंबकाचे हुक आणा. टोप्या, पिशव्या, ओले कपडे सगळं टांगता येतं. खिडकी नसलेल्या आतल्या केबिनमध्ये सकाळचे दहा आणि रात्रीचे दोन यांत काही फरक नसतो, म्हणून लहानसा दिवा हवा. एसीसाठी शाल. केबिन घ्यायची ती वर केबिन, खाली केबिन अशी. वर स्विमिंग पूल असला तर पहाटे पाचला डोक्यावर खुर्च्या ओढतात. मग नानांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "प्लॅस्टिकचा एक मग घ्या. जहाजावर कॅसिनो आहे, थिएटर आहे. जेट स्प्रेची खात्री नाही." तोवर कुणीही वही उघडली नव्हती. हे मात्र सगळ्यांनी लिहून घेतलं.

"किटली नाही. इस्त्री नाही. पाण्यात बुडवायचा रॉड तर नाहीच," हा शेवटचा हुकूम. जहाजाला लाटेपेक्षा आगीची भीती जास्त, कारण भर समुद्रात बंब येत नाही. घरी शिजवलेलं बहुतेक जहाजांवर आत सोडत नाहीत, सीलबंद पाकिटं चालतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग प्रवासाच्या दिवशी बॅलार्ड पिअरला एक्स-रे मशीनपलीकडच्या टेबलावर आमच्या सोसायटीच्या किटल्या ओळीने उभ्या राहिल्या. एकीच्या पोटातून थालीपिठांचा डबा निघाला. पावत्या फाडणारा मुलगा नावं विचारत होता आणि नाना शेजारी उभे राहून त्याला फ्लॅट नंबर सांगत होते.

जहाजावर पाऊल ठेवल्यापासून नानांचा आवाज आणि जहाजाचा भोंगा यांत भोंगा मवाळ वाटू लागला. सुरक्षेच्या कवायतीला लोक सेल्फी काढत होते; नाना बोटं मोडून भोंगे मोजत होते. सात आखूड, एक लांब. 2012 साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हापासून ती जहाज सुटण्याआधीच उरकतात, हे त्यांनी आम्हाला लाइफ जॅकेटचे बंद आवळता आवळता सांगितलं, त्यामुळे ते चांगलंच लक्षात राहिलं.

खाण्याच्या बाबतीत नानांचं शास्त्र संपूर्ण आहे. पहिल्या दुपारी सगळं जहाज हातातल्या पिशव्यांसकट वरच्या डेकवरच्या बुफेवर तुटून पडतं. त्याच वेळी खालची डायनिंग रूम उघडी असली तर तिथे पांढऱ्या टेबलक्लॉथवर निवांत जेवता येतं, ती आधी बघून या. बुफेत प्लेट उचलण्याआधी रिकाम्या हाताने एक प्रदक्षिणा घाला, नाहीतर पास्त्याने पोट भरल्यावर शेवटच्या काउंटरवर सोलकढी दिसते. जेवणाआधी हात साबणानेच धुवायचे. जहाजावर पोट बिघडवणारा जो नोरोव्हायरस पसरतो, तो बाटलीतल्या जेलला फारशी दाद देत नाही, आणि बुफेचा डाव शेकडो हातांतून फिरलेला असतो. वाढणाऱ्याला पहिल्याच रात्री आपली आवड सांगून रोज त्याच टेबलावर बसायचं. दुसऱ्या रात्री हिरवी मिरची न मागता येते. खरोखरच आली. फक्त टेबल कुठलं? डायनिंग रूम जहाजाच्या मागच्या टोकाला होती, पंख्यांच्या वर, आणि पेल्यातलं पाणी थरथरत होतं. नानांनी हेडवेटरला थांबवून शांतपणे विचारलं, "ह्या हॉलचं मिडशिपकडचं टोक कुठलं?" त्या टोकाला फक्त हात धुण्याचं बेसिन आणि सहा माणसांचं एक टेबल होतं. आम्ही सगळी रात्रीची जेवणं बेसिनशेजारी जेवलो.

दारूची गोष्ट हिशोबाची. पॅकेजचा भाव दिवसाला असतो, आणि ज्या दिवशी तुम्ही गोव्यात उतरून मासळी खात फिरता, तोही दिवसच धरतात. आधी समुद्रावरचे दिवस मोजा, मग आपण खरोखर किती पितो ते प्रामाणिकपणे मोजा, ही नानांची रीत. त्यातून बऱ्याच जहाजांवर केबिनमधल्या एकाने पॅकेज घेतलं की दुसऱ्या प्रौढालाही घ्यावं लागतं, नाहीतर एका कार्डावर अख्खी केबिन पिऊन मोकळी होईल. नाना दोन पेगांचे, नानी लिंबू-सोड्याच्या. कॅल्क्युलेटर म्हणाला की पैसे वसूल व्हायचे तर नानांनी दोघांचं प्यायला हवं. नानी म्हणाल्या, "मग बोट समुद्रामुळे डोलतेय की तुमच्यामुळे, हे मला कसं कळायचं?" पॅकेज बारगळलं. सुट्या पेगाचं बिल आलं की नाना चष्मा लावून त्यात आधीच धरलेला सर्व्हिस चार्ज शोधत आणि त्याखालच्या टिपच्या रिकाम्या ओळीवर आडवी रेघ मारत. "ज्याने मिरची आणली, त्याला शेवटच्या दिवशी हातात द्यायचे."

आमच्या सेक्रेटरींनी मात्र हट्टाने सगळ्यात वरच्या डेकवरचा, अगदी पुढच्या टोकाचा, बाल्कनीवाला स्वीट घेतला होता. सूर्यास्ताचे फोटो ग्रुपवर पडले. रात्री वारा वाढला आणि फोटो बंद झाले. ॲव्होमिन बोट लागायच्या आधी घ्यायची असते आणि तिच्यावर पेग घ्यायचा नसतो, या दोन्ही टिपा त्यांनी उलट्या क्रमाने पाळल्या होत्या. दोनच्या सुमारास ते खालच्या लॉबीत सोफ्यावर उशी पोटाशी घेऊन पडलेले सापडले. कुणीतरी नानांना उठवलं. नाना शाल पांघरून आले, खिशातून आलेपाक काढला, त्यांच्या तोंडात घातला, सोफ्याच्या दोन्ही बाजूंना अंतर बघितलं आणि म्हणाले, "जागा चांगली निवडलीत. मिडशिप आहे."

माणसाला समुद्रात ढकलावंसं वाटावं असे क्षण नाना एका दिवसात किमान तीनदा देतात. म्हणून पुढचं सांगायला मला जरा जड जातं.

लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते प्रवाळांच्या बाहेर उभं राहतं आणि लहान होड्यांतून बेटावर जायचं. त्या दिवशी होडी माणूसभर वर येई आणि तितकीच खाली जाई. जहाजाच्या पोटातल्या दारात आमची सत्तरीच्या आसपासची मंडळी रेलिंग धरून गोठली होती. खलाशी इंग्रजीत, हिंदीत धीर देत होते. इतक्यात नाना पुढे झाले, एक पाय दाराच्या चौकटीशी रोवला आणि नानींचा कोपर पकडला. मनगट नव्हे, कोपर. "रवा... रवा... होडी वर येऊ दे... हां, आता!" नानी पलीकडे. मग पुढचा. होडी पुरती वर आली की पाऊल टाकायचं, खाली जाताना नाही. नेहमी शुद्ध पुणेरी बोलणारे नाना "थांबा"ऐवजी "रवा" करत मालवणीत घसरले होते, आणि त्यांचं त्यांना भान नव्हतं. सेक्रेटरींनाही त्यांनी तसंच कोपराला धरून उतरवलं. खलाशी बाजूला होऊन बघत राहिले.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, तेव्हा कळलं. नानांचे वडील गिरणीत होते. दर मे महिन्यात आई मुलांना घेऊन भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने देवगडला जायची. बोट तिथे बाहेरच उभी राहायची आणि ट्रंका, वळकट्या, कोंबड्या, पोरं सगळं पडावात उतरायचं. तिकीट लोअर डेकचं, कारण अप्पर डेक परवडत नसे. आईला बोट लागायची. मुंबईचे दिवे मागे पडायच्या आत सुरुवात. एका म्हाताऱ्या खलाशाने वडिलांना सांगितलं होतं, चिमणीच्या आसपास मधे बसवा, तिथे उकडतं, तेलाचा वास येतो, पण हलत कमी. तेव्हापासून छोट्या नानांवर एक काम आलं. फळी लागली की माणसांच्या पायांतून घुसायचं, खाली धावायचं आणि मधली जागा दुसऱ्या कुणी धरायच्या आत सतरंजी पसरायची. जागा मिळाली तर आई रात्री झोपायची.

"एका वर्षी उशीर झाला," नाना म्हणाले. "पुढच्या टोकाला बसावं लागलं." एवढं बोलून त्यांनी चहात आणखी एक पिशवी बुडवली. ती बोट पुढे बंद पडली, 1998 मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली, आई त्याआधीच गेली. मिडशिप हा इंग्रजी शब्द नानांना साठीनंतर एका क्रूझच्या माहितीपत्रकात भेटला. जागा त्यांना आधीपासून माहीत होती.

त्यानंतर नानांचा राग येणं थोडं अवघड झालं. अशक्य नाही झालं. शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, सकाळी घालायचे कपडे बाजूला काढून मगच. हे त्यांनी कॉरिडॉरमध्ये इतक्या मोठ्याने सांगितलं की परके लोकही उठून बॅगा उघडू लागले. तरी आमच्यातला एकजण सकाळी नाइट ड्रेसमध्येच बॅलार्ड पिअरला उतरला. त्याला नानांनी आपली शाल दिली आणि रांगेतल्या प्रत्येकाला त्याचं कारणही सांगितलं.

किटल्यांच्या टेबलापाशी पावत्या घेऊन उभं असताना नानींनी मला बाजूला घेतलं. चढायच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने नानांचं वय बघून वरच्या डेकवरचा बाल्कनीवाला स्वीट देऊ केला होता. फुकट. नाना, जे पेगाच्या बिलातला रुपया शोधतात ते नाना, मान हलवून म्हणाले होते, "नको बाळ, आमची खालचीच राहू दे." नानींनी तसा स्वीट नंतर सेक्रेटरींच्या फोटोत पाहिला होता, वारा वाढायच्या आधीचा.

"इतकी वर्षं ऐकून घेतलं," नानी म्हणाल्या. "पुढच्या वेळी ह्यांनी राहावं खाली, मी राहणार वर. जेवायला भेटू मिडशिपला."