हे मागून येतायत

माथेरानला गेलेल्या बाईला पहिला प्रश्न तिच्या नावाचा नसतो, गावाचा नसतो, आधार कार्डाचाही नसतो. तो एका शब्दाचा असतो. "एकट्याच?"

यातला शेवटचा 'च' फार महत्त्वाचा. 'एकट्या?' ही नुसती चौकशी झाली. 'एकट्याच?' हा पंचनामा. त्या 'च'मध्ये काळजी असते, संशय असतो आणि 'आता हिचं काय करायचं' हा प्रशासकीय पेचही असतो. आमच्या आत्याने हा 'च' अकरा वर्षं ऐकला. दस्तुरी नाक्यावर ऐकला, मिनी ट्रेनमध्ये ऐकला, चिक्कीच्या दुकानात पाव किलो चिक्की मागताना ऐकला. ("एकट्याच? मग अर्धा किलो न्या, घरच्यांना होईल.")

हल्ली प्रत्येक मराठी घरात अशी एक आत्या किंवा मावशी निघते. ती पाठीवर भली मोठी सॅक अडकवून दरीच्या तोंडाशी फोनशी बोलणारी बावीस वर्षांची मुलगी नव्हे. तिला लोक 'काहीतरी शूटिंग चाललंय' म्हणून सोडून देतात. एकाच रंगाच्या टोप्या घालून, गाईडच्या झेंड्यामागे अंताक्षरी खेळत जाणाऱ्या चाळीस जणींपैकीही ती नव्हे. त्यांना विचारायची कुणाची छाती होत नाही. ही मधली जमात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, पंजाबी ड्रेस, पायात शाळेच्या मुलांचे असतात तसे कॅनव्हासचे बूट, आणि खांद्याला एक झोळी. त्या झोळीत सुट्टे पैसे, सेफ्टी पिना, शिट्टी, काकडी, काकडीसाठी सुरी, सुरीसाठी मीठ, आणि स्वतःचं एक पितळी कुलूप. कुलूप कशाला, तर लॉजच्या कड्यांवर आत्याचा विश्वास नाही. तीस वर्षं बँकेत कॅशवर बसल्यामुळे तिचा तसा कशावरच विश्वास नाही. ती पॉइंटवरून सूर्यास्तसुद्धा मोजून घेते.

आत्याने लग्न केलं नाही. का, ते कुणी तिला विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून तिने नोकरी काढली. ज्या बाईने तीस वर्षं त्या डब्यात आपली जागा राखली, तिला माथेरानच्या कड्याची काय भीती? कड्यावर निदान मागून कुणी ढकलत नाही. तिला माथेरान आवडतं तेही एवढ्याचसाठी. इथे दस्तुरीच्या पुढे खासगी गाड्या येत नाहीत. लाल मातीच्या रस्त्यावर मागून आलाच तर बहुधा घोडा येतो, आणि त्याच्याबरोबर "साईड, साईड" ओरडणारा माणूस. शहरातला कुठला गाडीवाला एवढी पूर्वसूचना देतो?

पहिल्यांदा ती गेली तेव्हा अडचण रस्त्याची नव्हती, खोलीची होती. एका लॉजच्या मॅनेजरने तिला नखशिखांत पाहिलं आणि तो ऐतिहासिक शब्द उच्चारला.

"हो," आत्या म्हणाली.

"एकट्या लेडीजला रूम देत नाही आम्ही."

"का?"

मॅनेजर छताकडे बघू लागला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, घरी काही टेन्शन आहे का?"

तेव्हा आत्याच्या लक्षात आलं. माथेरान हे कड्यांचं गाव. एकटं माणूस आलं की ते उडी मारायलाच आलं, असा यांचा ठाम समज.

"नाश्ता किती वाजता असतो?" तिने विचारलं.

"साडेआठ."

"पुरीभाजी असते?"

"असते."

"उद्याच्या पुरीभाजीची चौकशी करणारी बाई आज रात्री कशाला उडी मारेल?"

युक्तिवाद बिनतोड होता, पण मॅनेजर डळमळला नाही. दोन लॉज झाले. तिसऱ्या लॉजच्या पायरीवर मात्र, समोरचा माणूस तोंड उघडण्यापूर्वीच, आत्याने मागे रस्त्याकडे वळून पाहिलं, कपाळाला एक आठी घातली आणि सुस्कारा सोडून म्हणाली,

"हे मागून येतायत."

काउंटरवरची किल्ली आपोआप पुढे सरकली. पाणी आलं. "बसा ना ताई," आलं. जे काम वधूवर सूचक मंडळाला पंचवीस वर्षांत जमलं नव्हतं, ते तीन शब्दांत झालं. आत्याचं लग्न लागलं.

त्यानंतर 'हे' तिच्या आयुष्यातून गेले नाहीत. पहिल्या वर्षी ते दस्तुरीला गाडी लावत होते. दुसऱ्या वर्षी त्यांना मिनी ट्रेनचं तिकीट मिळालं नव्हतं. तिसऱ्या वर्षी ते जेवायला का आले नाहीत असं वेटरने विचारलं, तेव्हा त्यांना तातडीने मधुमेह झाला. पुढे गुडघे गेले. पाचव्या वर्षी ते सरकारी खात्यातून निवृत्त झाले, कारण ते सारखे फोनवर कसे असतात याचा खुलासा आता करता येईना. आत्याने त्यांच्या बाबतीत कधी निष्काळजीपणा केला नाही; लॉजच्या दारात त्यांच्या नावाने चरफडण्यात तर ती इतकी तयार झाली की शेजारच्या खोलीतल्या बायका सहानुभूतीने म्हणायच्या, "आमचे पण असेच हो." एकूण संसाराची सगळी लक्षणं होती. नवरा कधी दिसत नसे, बायको सगळीकडे एकटी जात असे आणि दोघांत कधी भांडण होत नसे.

हिशेबाच्या बाजूने मात्र हा संसार महाग पडला. लॉजच्या रजिस्टरवर 'व्यक्ती : २' लागायचं. त्यामुळे नाश्त्याची कुपनं दोन आणि पैसेही दोघांचे. ह्यांची पुरीभाजी आत्या डब्यात भरून घ्यायची आणि दुपारी पॉइंटवर खायची. घरी येऊन वहीत लिहायची: 'ह्यांचा खर्च'. आणि त्याखाली लाल पेनाने एक रेघ. दस्तुरी नाक्यावर मात्र नगरपालिका प्रवासी कर घेताना डोकी मोजते. तिथे पावती एकच फाटायची. थोडक्यात, नगरपालिकेच्या दप्तरी आत्या एकटी होती आणि तीन किलोमीटरवरच्या लॉजच्या दप्तरी सवाष्ण.

मिनी ट्रेनचं ती मला फार सांगते. नेरळहून वर एकवीस किलोमीटर, आदमजी पीरभॉय यांनी बांधून घेतलेली, १९०७ पासूनची गाडी. चढणीवर ती इतक्या निवांत चालते की डब्यातल्या माणसांना एकमेकांची कुळं विचारून व्हायला जुम्मापट्टी ते वॉटर पाईप स्टेशन एवढं अंतर पुरतं. मध्ये एक बोगदा लागतो. त्याचं नाव वन किस टनेल. अंधार तेवढाच वेळ टिकतो म्हणून. मी एकदा विचारलं, "आत्या, तू काय करतेस त्या बोगद्यात?"

"पर्स घट्ट धरते," आत्या म्हणाली.

आता 'एकटी' म्हणून जी बाई जाते, ती किती वेळ एकटी असते? याचाही आत्याकडे हिशेब आहे. नेरळ ते अमन लॉज स्टेशन या टप्प्यात माझ्या वडिलांचे चार फोन येतात. "ताई, कड्याच्या टोकाला जाऊ नकोस हं." "अरे, माथेरानात टोकालाच जायचं असतं. पॉइंट म्हणजे दुसरं काय?" बाजारपेठेत घोडेवाले भेटतात. "मावशी, पॅनोरमा लांब आहे, वाटेत सगळं जंगल आहे," असं ते भीती घालायला सांगतात आणि आत्या पत्ता मिळाल्यासारखी तिकडे निघते. शार्लोट लेकवर एखादं गुजराती कुटुंब तिला ठेपल्यासह दत्तक घेतं. ठेपले खाऊन होतात तोच त्यांचं लहान पोर तिच्या मांडीवर, पिशव्या तिच्या पायाशी आणि फोन तिच्या हातात. ती सगळ्या खानदानाचा फोटो काढते. एकटी बाई म्हणजे रस्त्यावरचा सार्वजनिक बाक. कुणीही यावं, टेकावं, सामान ठेवावं. दिवसभरातून तिच्या वाट्याला खरा एकांत येतो तो कसाबसा अकरा मिनिटांचा. पहाटे, जांभळाच्या आणि हिरड्याच्या झाडांखालून चालताना, माकडं उठायच्या आत. त्या अकरा मिनिटांसाठी आत्या डोंबिवलीहून येते.

पॉइंटवरच्या बाकावर बसून ती कधी मॅलेट साहेबावर चिडते. ह्यू मॅलेट, ठाण्याचा कलेक्टर. १८५० च्या मे महिन्यात तो खालच्या चौक गावाहून चढून वर आला, आणि त्याने माथेरान 'शोधून काढलं'. "वर धनगर होते, ठाकर होते, कातकरी होते," आत्या म्हणते. "त्यांना काय आपण कुठे राहतो ते माहीत नव्हतं? आणि साहेब घाम पुसत वर आला, तेव्हा त्याला कुणी विचारलं का, 'एकटेच? घरी काही टेन्शन?'"

गेल्या वर्षी वैशाखात ती अशीच पहाटे वन ट्री हिलच्या बाजूला गेली होती. समोर मोरबे धरणाचं पाणी, पलीकडे प्रबळगड आणि इरशाळगड अजून अर्धवट झोपेत. एकांताचं चौथं मिनिट चालू होतं. तेवढ्यात खालच्या शिडीच्या वाटेवरून एक टोपली वर आली. मग टोपलीखालची बाई. खालच्या वाडीतली, चाळिशीची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर करवंदं आणि जांभळं काठोकाठ. अंधारात निघाली असणार. ज्या चढावर ट्रेकिंगची पोरं तीनदा बसतात आणि दोनदा फोटोसाठी हसतात, तो चढ ती बाई बाजाराला जायचा म्हणून चढून आली होती.

आणि आत्याच्या तोंडून निघून गेलं,

"एकट्याच?"

शब्द बाहेर पडल्यावर आत्याने जीभ चावली. अकरा वर्षांचा 'च' तिच्याच तोंडातून आला होता, काळजी, संशय सगळं घेऊन. त्या बाईला मात्र प्रश्नच कळला नाही. तिने मागे वळून पाहिलं, कुणी यायचं राहिलंय की काय म्हणून. मग म्हणाली,

"मंग? टोपली तं एकच हाय."

आत्याला यावर काही सुचेना. टोपली उतरवायला तिने हात लावला, दोघी कड्यावर बसल्या, पळसाच्या पानावर करवंदं आली. थोड्या वेळाने, सवयीने, आणि गप्प बसवेना म्हणूनही, आत्या म्हणाली, "आमचे हे मागून येतायत."

बाईने करवंदाची बी दरीत थुंकली.

"माझा बी मागंच हाय," ती म्हणाली. "लगीन झाल्यापून."

आत्या इतकी हसली की झाडावरची माकडं मुदतीआधीच उठली. तो प्रसंग सांगताना ती अजून हसते, पण मधेच थांबून एक गोष्ट म्हणते. ती बाई आठवड्यातून चार वेळा एकटी चढते. तिला आजवर कुणी अडवलेलं नाही की हटकलेलं नाही. "म्हणजे बघ, डोक्यावर ओझं असलं की बाई एकटी नसते. ओझं उतरवून नुसती बघायला उभी राहिली, की लगेच एकटी होते. आणि मी काय केलं? ओझं नव्हतं, तर एक नवरा घेतला डोक्यावर."

तेव्हा तिने ठरवलं, पुरे झाला हा संसार. पुढच्या खेपेला रजिस्टरवर खरं लिहायचं.

ती खेप गेल्या डिसेंबरात झाली. लॉज तोच, मॅनेजर तोच. केस थोडे कमी झालेले. आत्याने पेन घेतलं आणि 'व्यक्ती' या रकान्यात ठळक एकचा आकडा काढला. मॅनेजरने तो उलटा वाचला, सुलटा वाचला, मग दाराकडे नजर टाकली. रस्ता मोकळा होता.

"साहेब?"

एकटी आले, एवढंच म्हणायचं होतं. डोंबिवलीपासून ती ते घोकत आली होती. पण अकरा वर्षं ज्यांना रोज नवं दुखणं आणि नवी सबब पुरवली, त्यांना एका फटक्यात 'नव्हतेच' म्हणायला तिची जीभ रेटेना. त्यांना कुठेतरी पाठवून द्यावं, पॉइंटबिइंट बघायला, म्हणून ती घाईघाईत म्हणाली,

"हे पुढे गेले."

मॅनेजर खुर्चीवरून उठून उभा राहिला. "अरेरे," तो म्हणाला. "कधी?"

आपण काय बोललो ते आत्याला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. दुरुस्त करावं तर अकरा वर्षांचं रजिस्टर समोर होतं. तिने मान खाली घातली. त्यात शरम होती, पण बघणाऱ्याला ती वेगळी दिसली. किल्ली आली. कोपऱ्यातली, दरीच्या बाजूची खोली आली, जी मधुचंद्रवाल्यांसाठी राखून ठेवतात. संध्याकाळी मागितला नसताना चहा आला. बातमी बाजारपेठेत फिरली असावी, कारण दुसऱ्या दिवशी एकाही घोडेवाल्याने तिला अडवलं नाही. "सावकाश जा मावशी," एवढंच एक जण म्हणाला. त्या दिवशी तिला सलग तीन तास एकांत मिळाला. तिच्या वहीतला तो विक्रम आहे.

मला तिचा फोन आला तो नाश्त्याच्या वेळी.

"कुपन एकच घेतलं रे मी," ती म्हणाली. "पण त्या मॅनेजरने ताटं दोन पाठवली. सवयीने म्हणा, नाहीतर त्यांची आठवण म्हणून म्हणा. पैसेही घेत नाही दुसऱ्या ताटाचे."

"मग खाल्लंस ना?"

"कसं खाणार? बरं दिसेना. गॅलरीत ठेवलं." आत्या जरा थांबली. तिकडे काहीतरी धडपडल्याचा आवाज आला. "आणि सांगते काय, ठेवायचा अवकाश, माकडाने झडप घालून पुरी उचलली. आपल्याकडे कावळ्यासाठी तासन्‌तास हात जोडून उभं राहावं लागतं. ह्यांची काही म्हणून इच्छा राहिलेली नव्हती बघ."