कटिंगचा भाव आणि पदवी

कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थी आपल्या शिक्षणाविषयी लिहितात, तेव्हा त्यात सगळे सापडते, फक्त शिक्षण सापडत नाही. कॅन्टीन असते, कट्टा असतो, पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी असतात. प्राध्यापक येतात ते लकबीपुरते. ते कोणता विषय शिकवत, हे लेखकाला (आणि बहुधा संपादकालाही) आठवत नाही. यावर उत्तर तयार असते: स्मृती भावना जपते, अभ्यासक्रम नव्हे. मग कटिंग चहाचा तेव्हाचा भाव पैशांसकट कसा काय लक्षात राहतो?

खरे शिक्षण वर्गाबाहेरच होते, हा दुसरा बचाव जास्त भारदस्त. तो मान्य करायला हरकत नाही, पण मग दारावरच्या पाटीवर नावापुढे एम.ए. का? तिथे कट्ट्याचा उल्लेख कोणी करत नाही. वर्गात काहीच घडले नाही, हेही सरळ लिहिता येते. भावनगरच्या सामळदास कॉलेजात गांधींनी १८८८ साली एकच सत्र काढले. आत्मचरित्रात ते सांगतात की व्याख्याने कळत नव्हती, आणि दोष प्राध्यापकांचा नव्हे, आपल्या कच्चेपणाचा होता. स्मरणिकेतल्या लेखकाला मात्र सगळे कळले होते. गाईडे आणि अपेक्षित प्रश्नसंच कोण विकत घेत होते, याचा शोध प्रकाशकांनीच घ्यावा. एटीकेटीसुद्धा तिथे उनाडपणाची गंमत म्हणून येते, न समजलेल्या विषयाची खूण म्हणून नाही.