सोन्याची चड्डी

ही पुरवणी रविवारी सकाळी तुमच्या दारात पडेल. मी मात्र हे गुरुवारी लिहितोय, ओहायो राज्यातल्या कोलंबस गावी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. सामना आहे शनिवारी, 29 नोव्हेंबर 2025 रोजी, इथल्या दुपारी बाराला. म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे साडेदहा. तोवर पुरवणीचे गठ्ठे बांधून झालेले असतील. थोडक्यात, सामन्याआधी मी केलेलं मूल्यमापन तुम्ही वाचाल तेव्हा निकाल तुम्हाला कळलेला असेल आणि मला सारवासारव करायला जागा उरलेली नसेल. अशी वेळ पोपटवाल्या ज्योतिष्यावरही येत नाही.

सामना आहे कॉलेज फुटबॉलचा. ओहायो स्टेट विद्यापीठ विरुद्ध... इथेच अडलं बघा. या आठवड्यात त्यांचं नाव घ्यायचं नसतं. गावाकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात. तसं आम्ही त्यांना ‘उत्तरेकडचे ते’ म्हणतो. एकदाच सांगतो, मिशिगन. पुन्हा विचारू नका. विद्यापीठाच्या आवारात पाट्यांवर जिथे जिथे ‘एम’ हे अक्षर दिसेल, तिथे या आठवड्यात लाल चिकटपट्टीची फुली मारतात. आमचे चिरंजीव तिथेच शिकतात. सुट्टीला घरी आल्याआल्या त्यांनी मसाल्याच्या डब्यांवर फुल्या मारल्या. मीठ, मिरची, मोहरी, मेथी, सगळ्यांना एकच न्याय. मराठी मंडळाच्या पत्रकावर तर दोन फुल्या पडल्या. हिने विचारलं, “मग मला काय हाक मारणार रे, ‘मम्मी’तले तीन एम काढले तर?” उरली ती ‘ई’. लहानपणीही तो पालेभाजी बघून तेवढंच म्हणायचा.

या वैराचं मूळ मराठी माणसाला एका शब्दात कळेल: सीमाप्रश्न. 1835 साली टोलेडो गावच्या पट्ट्यावरून ओहायो राज्य आणि तेव्हा प्रदेश असलेलं मिशिगन यांनी एकमेकांवर पलटणी धाडल्या. त्याला टोलेडो युद्ध म्हणतात. युद्धात मेलं कुणीच नाही. जखमी झाला तो उत्तरेकडचा एक उपशेरीफ. त्याला ओहायोच्या बाजूच्या स्टिकनी घराण्यातल्या एका पोरानं चाकू मारला. या पोराचं नाव टू, म्हणजे दोन. थोरल्याचं नाव वन. बारशाला फार डोकं न चालवणारं घराणं असावं. शेवटी वॉशिंग्टनने टोलेडो आम्हाला दिलं आणि समजूत म्हणून उत्तरेकडच्यांना वरचं एक भलंथोरलं जंगल दिलं. आम्ही पेढे वाटले. मग त्या जंगलात तांबं निघालं, लोखंड निघालं. तेव्हापासून त्यांच्याविरुद्ध जिंकूनही हरण्याची आम्हाला सवय आहे.

मैदानावरचं भांडण 1897 मध्ये सुरू झालं. ‘कॉलेजचा सामना’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे चार मित्र, एक शिट्टी आणि ग्लुकोजचा पुडा येईल. आमच्या मैदानात 1,02,780 माणसं बसतात, म्हणजे तीन वानखेडे भरून वर उरतील एवढी. त्यांच्या मैदानात 1,07,601. आमच्या प्रशिक्षकाचा, रायन डे यांचा, पगार वर्षाला सव्वा कोटी डॉलर आहे. आपल्याकडे सव्वाचा आकडा देवापुढे ठेवायचा असतो. इथे देव नवसाला पावत नसला तरी त्याच्यापुढे सव्वाच ठेवतात.

आणि एवढं सगळं कशासाठी? तर चड्डीसाठी. थट्टा करत नाही. 1934 साली फ्रान्सिस श्मिट हे प्रशिक्षक नव्याने आले. उत्तरेकडच्यांचं काय एवढं कौतुक, तेही आपल्यासारखीच एकेक पाय घालून चड्डी चढवतात, अशा अर्थाचं ते बोलले आणि त्या वर्षी ओहायोने 34-0 असा धुव्वा उडवला. तेव्हापासून उत्तरेकडच्यांना हरवलं की संघातल्या प्रत्येकाला सोन्याची चिमुकली चड्डी मिळते, ताईत असतो तेवढी. पुढे काही पोरांनी हा ऐवज विकला, काहींनी आपल्या वस्तू देऊन त्या बदल्यात अंगावर फुकट गोंदवून घेतलं. 2010 मध्ये ते उघडकीला आलं. जिम ट्रेसेल या प्रशिक्षकांना 2011 मध्ये राजीनामा द्यावा लागला आणि 2010 च्या मोसमातले सगळे विजय दप्तरातून पुसले गेले. त्यात उत्तरेकडच्यांवरचा 37-7 हा विजयही होता. चड्डीही गेली, विजयही गेला, अंगावर गोंदण राहिलं.

2019 नंतर एकही चड्डी वाटली गेलेली नाही. 2020 चा सामना कोविडने खाल्ला. नंतरचे चार आम्ही स्वकष्टाने घालवले.

आता मूल्यमापन. प्रगतिपुस्तकाच्या क्रमाने घेतो.

बचाव: उत्कृष्ट. अकरा सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना सरासरी आठ गुणसुद्धा मिळू दिलेले नाहीत. मोसमाच्या पहिल्याच दिवशी अव्वल गणल्या गेलेल्या टेक्ससला 14-7 असं रोखलं, त्यानंतर कुणी फार जवळ फिरकलं नाही. आक्रमण: उत्कृष्ट. आमचा क्वार्टरबॅक दहा चेंडू फेकतो तेव्हा त्यातले जवळपास आठ आपल्याच माणसाच्या हातात पडतात. आमच्या घरात रिमोट फेकला तरी एवढा नेम लागत नाही. वर्तणूक: अकरापैकी अकरा विजय, देशात पहिला क्रमांक, शिवाय गतवर्षीचे राष्ट्रीय विजेते. उत्तरेकडच्यांचे दोन पराभव झाले आहेत.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, मग काळजी कसली? वर्गात पहिला येणारा मुलगा पेपर देऊन बाहेर आल्यावर काय म्हणतो ते आठवा. “काही खरं नाही, शेवटचा प्रश्न राहिला.” मराठी घरात असं म्हणायला मुंजीच्या आधी शिकवतात. चांगलं झालं असं म्हटलं की दृष्ट लागते. त्यामुळे कोलंबसच्या इतर चाहत्यांपेक्षा माझी तयारी पक्की आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या गोऱ्या गृहस्थांनी विचारलं, काय वाटतं? मी म्हटलं, हरणार. त्यांनी मला मिठी मारली. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना मी आपला वाटलो.

प्रशिक्षकांचं प्रगतिपुस्तक तर मी फ्रिजवरच लावलंय. रायन डे यांनी 91 सामन्यांत 81 जिंकले. म्हणजे 89 टक्के. पण मराठी पालक 89 टक्के बघत नाही, उरलेले 11 कुठे गेले ते बघतो. हरलेल्या दहांपैकी चार सामने एकाच विषयातले. मुलगा सगळीकडे डिस्टिंक्शन आणि गणितात सलग चार वर्षं नापास. अशा मुलाला आपण काय करतो? क्लास लावतो. इथे प्रशिक्षकच बदलतात. जॉन कूपर यांनी 13 वर्षांत 111 सामने जिंकून दिले, पण उत्तरेकडच्यांविरुद्ध हिशोब 2 विजय, 10 पराभव, 1 बरोबरी. त्यांना नारळ मिळाला. उलट वूडी हेज यांनी 1978 मध्ये भर सामन्यात विरुद्ध संघाच्या खेळाडूला ठोसा मारला, दुसऱ्या दिवशी नोकरी गेली, आणि तरी मैदानाजवळच्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे. कारण उत्तरेकडच्यांना ते हरवत असत. त्यांच्याबद्दल अशी आख्यायिका आहे की गाडी बंद पडली तरी चालेल, पण उत्तरेकडच्यांच्या राज्यात पेट्रोल भरायचं नाही, असा त्यांचा बाणा होता.

हा बाणा मी उद्या पाळणार आहे. यंदाचा सामना त्यांच्या गावी, ॲन आर्बरला आहे आणि तिथे माझे साडू राहतात. तिकीट परवडत नाही, म्हणून त्यांच्या हॉलमध्ये बसून बघायचं. तीन तासांची वाट आहे. वाटेत टोलेडोला टाकी फुल्ल करायची, म्हणजे त्यांच्या राज्यात एक डॉलरही सोडावा लागत नाही. आमच्या पूर्वजांनी टोलेडोसाठी पलटणी का धाडल्या असतील, ते मला त्या पंपावर दर वेळी कळतं.

आता गेल्या वर्षीचं सांगून टाकतो, कारण ते सांगितल्याशिवाय हे मूल्यमापन पुरं होत नाही.

गेल्या वर्षी बाबा सांगलीहून आले होते. निवृत्त मराठीचे शिक्षक. मी त्यांना आधी एक फुसका सामना दाखवला, कारण त्याचंच तिकीट परवडलं. तिथे आमचं बँडपथक चालता चालता मैदानावर ‘ओहायो’ हा शब्द वळणदार अक्षरांत लिहितं आणि शेवटी भलामोठा सूझाफोन घेतलेला एक वादक ऐटीत जाऊन ‘आय’ या अक्षरावरचं टिंब होतो. हा मान पथकात वर्षानुवर्षं घासल्यावर मिळतो. अंतराळवीर जॉन ग्लेन यांनाही तो सन्मान म्हणून दिला होता. लाखभर माणसं उभी राहून ओरडत होती. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, “अरे, आपल्याकडे 1962 च्या नियमांनी इतके अनुस्वार उडवले, एकासाठी कुणी उठून उभं राहिलं नाही.”

मग त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “पण याला फुटबॉल का म्हणतात? पाय कधी लावणार?”

“बाबा, पायाचं काम यात फार थोडं असतं. ते महत्त्वाचं नाही.”

मग आला 30 नोव्हेंबर 2024. सामना आमच्या मैदानावर. उत्तरेकडचे त्या मोसमात पाच सामने हरलेले. सट्टेवाल्यांच्या हिशोबाने आम्ही सुमारे 20 गुणांनी जिंकणार होतो. आमच्या संघाचा खर्च 2 कोटी डॉलरच्या घरात असल्याच्या बातम्या होत्या. 2021 पासून इथे कॉलेजच्या खेळाडूंना नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावता येतात. मी सकाळी बाबांसमोर मूल्यमापन मांडलं: निवांत जिंकतो. एकदाच, आयुष्यात एकदाच, मी “चांगलं होईल” असं म्हणालो.

मध्यंतराला 10-10. तेव्हापासून हिचा चेहरा बदलला. शेवटच्या टप्प्यात ती मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन आली आणि टीव्हीवरून ओवाळून तिने सगळं तव्यावर टाकलं. धूर झाला. छतावरची धुराची घंटा ठणाणा करू लागली. चिरंजीव खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत होते, मी खिडकी उघडत होतो, बाबा खोकत होते, आणि त्या गदारोळात 45 सेकंद उरलेली असताना उत्तरेकडच्यांच्या किकरने 21 यार्डांवरून चेंडूला लाथ घातली. 13-10. आमच्या पोराने त्याच सामन्यात 34 आणि 38 यार्डांवरून दोन वेळा चेंडू खांबांबाहेर घातला होता.

घंटा थांबल्यावर बाबा शांतपणे म्हणाले, “शेवटी पायानेच झालं की रे.”

पुढे मैदानात आणखी शोभा झाली. उत्तरेकडच्यांनी मधोमध, आमच्या ‘ओ’ अक्षरावर, झेंडा रोवायचा प्रयत्न केला, हाणामारी झाली, पोलिसांनी डोळ्यांत मिरचीचा फवारा मारला. आमच्या घरात तो आधीच झालेला होता. नंतर ओहायोच्या विधिमंडळात मैदानावर झेंडा रोवणं हा गंभीर गुन्हा ठरवणारं विधेयकही मांडलं गेलं. आपण अटकेपार झेंडे लावले म्हणून छाती फुगवतो; इथे झेंडा लावला तर अटक.

त्या रात्री मी दुसरं मूल्यमापन जाहीर केलं: हा संघ कुचकामी आहे, प्रशिक्षकाला घरी बसवा. असं म्हणणारा मी एकटा नव्हतो. अर्ध्या ओहायोने म्हटलं. पण गेल्या वर्षीपासून बाद फेरीत बारा संघ घेतात, त्यामुळे आम्ही उरलो होतो. टेनेसी, ओरेगन, टेक्सस यांना हरवून 20 जानेवारी 2025 ला त्याच कुचकामी संघाने नोत्र दाम विद्यापीठाला 34-23 असं हरवलं आणि तो देशाचा विजेता झाला. माझ्या निकालानंतर बरोबर 51 दिवसांनी. बारा तासांत मी दोन मूल्यमापनं केली आणि दोन्ही चुकली. खेळ तसा तेवढाच चालला होता. धूर काढला होता आम्ही.

साडूंचा तेव्हा अभिनंदनाचा फोन आला. म्हणाले, “वा, देश जिंकलात. चड्डी मिळाली का?”

म्हणून यंदाचं अधिकृत मूल्यमापन असं. संघ: विशेष प्रावीण्य. प्रशिक्षक: 89 टक्के, एका विषयात एटीकेटी. किकर: गेल्या वर्षीचाच आहे, कोवळा पोरगा आहे, वर्षभर लोकांचं ऐकून घेऊन पुन्हा उभा राहिलाय, त्याला एक शब्द बोलणार नाही. चाहता: अनुत्तीर्ण, वर्तणूक असमाधानकारक, पालकांनी शाळेत येऊन भेटावं. बाबा यंदा सांगलीत आहेत. त्यांना भविष्य विचारलं तर एवढंच म्हणाले, “पायांकडे लक्ष ठेव. आणि तव्यावर काही टाकू नका.”

तुम्ही चहा घेत हे वाचत असाल तेव्हा इथे शनिवारची रात्र असेल आणि मी परतीच्या वाटेवर टोलेडोच्या पंपावर उभा असेन. जिंकलो असलो तर मीच तुम्हाला फोन करीन, वेळ बघणार नाही. हरलो असलो तर कृपा करून सामन्याचा विषय काढू नका. बोलायचंच असेल तर बेळगावचं बोला. महाराष्ट्राचा तो दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल अजून लागलेला नाही.