बांधाला रुंदी असते

लांबी, परिमिती, क्षेत्रफळ आणि घनफळ ही शालेय गणितातील मोजमापाची चार अंगे. पाठ्यपुस्तकात ती बहुधा याच क्रमाने येतात आणि चारही ठिकाणी मोजणारा गायब असतो. एका आयताकृती शेताची लांबी ६० मीटर व रुंदी ४० मीटर आहे, असे पुस्तक सांगून टाकते. ती कोणी मोजली, तेव्हा शेजारचा हजर होता का आणि त्याने कागदावर सही केली का, याबद्दल चकार शब्द नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत नेमके एवढेच विचारले जाते. बाकीचा गुणाकार मोबाइल करतो.

लांबीचा पहिला धडा प्राथमिक शाळेत हाताने दिला जातो. बाक किती विती लांब आहे, ते मुलांनी मोजायचे. वर्गात तीस मुले असतील तर तीस उत्तरे येतात. मग गुरुजी स्वतःच्या वितीने मोजतात आणि एकतिसावे उत्तर फळ्यावर लिहितात, तेच बरोबर. यातून मुलांना प्रमाणित एककाची गरज पटावी, अशी अभ्यासक्रमाची अपेक्षा असते. मुलांना पटते ते असे, की ज्याचा हात त्याचे माप. हे ज्ञान पुढे आयुष्यभर उपयोगी पडते. बाजारात गजरा हातावर मोजून घेताना हात गजरेवालीचा असतो. गिऱ्हाइकाने आपला लांब हात पुढे केलाच, तर ती मोगऱ्याचा भाव किती चढला आहे ते सांगू लागते.

हाताचे हे दुखणे जुने आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘लीलावती’त आठ जवांचे एक अंगुळ, २४ अंगुळांचा हात, चार हातांचा दंड आणि २,००० दंडांचा कोस असे कोष्टक आहे. म्हणजे कोसाचा पाया जवाच्या दाण्यावर, आणि दाणा पावसावर. शिवकाळात जमिनीच्या मोजणीसाठी पाच हात आणि पाच मुठी लांबीची काठी ठरवण्यात आली. हात १४ तसूंचा आणि अख्खी काठी ८२ तसूंची, असा हिशेब सभासदाच्या बखरीत दिलेला आहे. त्यामुळे हात कोणाचा आणि मूठ कोणाची हा वाद निदान कागदावर तरी मिटला. ज्यांच्या राज्यात ही काठी चालली त्यांचा जन्म जुन्नरच्या शिवनेरीवरचा, ही गोष्ट तालुक्यात मोजणीच्या वेळी हमखास निघते. तिचा मोजणीशी संबंध असो वा नसो.

खोली ही उभी लांबी होय. विहिरीची खोली जुनी माणसे अजून परसात सांगतात. हात वर करून उभ्या राहिलेल्या पुरुषाची उंची म्हणजे एक परस. या एककाचा गुण असा, की ते कुठे विसरून येत नाही. दोष असा, की सहा परस विहीर खणायचा ठेका घेताना माप कोणाचे धरायचे हे आधी ठरवावे लागते. मालक त्यासाठी घरातला सर्वांत उंच पुतण्या पुढे करतो. ठेकेदार बुटका मुकादम घेऊन येतो.

परिमिती म्हणजे बंदिस्त आकृतीच्या सर्व बाजूंच्या लांबींची बेरीज. पुस्तकातला शेतकरी आपल्या शेताला तारेचे तीन पदरी कुंपण घालतो, तार अमुक रुपये मीटर असते आणि खर्च काढला की गणित संपते. प्रत्यक्षात कुंपणापाशी गणित सुरू होते. रेषेला लांबी असते, रुंदी नसते, असे भूमिती सांगते. बांधाला मात्र रुंदी असते. त्यावर गवत उगवते, बाभळ उगवते, एखादा आंबा उगवतो आणि त्या आंब्याला लागलेल्या कैऱ्या दोन्ही बाजूंना पडतात. बांध ही दोन शेतांची सामाईक बाजू आहे, हे विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे.

बांध कोरणे ही क्रिया पाठ्यपुस्तकात नाही. ती घ्यायला हवी. एक एकराचे चौरस शेत घेतले तर त्याची बाजू सुमारे २०९ फूट भरते. शेजाऱ्याने नांगरताना एका बाजूने वीतभर, म्हणजे नऊ इंच, फाळ आत घातला, तर सुमारे १५७ चौरस फूट जमीन त्याच्याकडे जाते. एवढ्यावर कोणी भांडत नाही. भांडले तर लोक हलकट म्हणतात. पण सात नांगरटींत १,०९९ चौरस फूट होतात आणि एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा असतो. वितीवितीने गुंठा जातो तो असा. बांध तोवर सव्वापाच फूट सरकलेला असतो आणि आंबा शेजाऱ्याच्या शेतात उभा असतो. तो तिथे कसा गेला, असे विचारल्यावर शेजारी म्हणतो, ‘आमच्या आज्यानं लावलाय.’

परिमिती आणि क्षेत्रफळ यांचा एकमेकांशी काय संबंध, हे वाटणीच्या दिवशी कळते. २०० फूट बाजूचे चौरस शेत चार भावांत वाटायचे आहे. चौघांनाही रस्ता हवा आणि चौघांनाही ओढा हवा, म्हणून वाटण्या उभ्या पडतात: ५० फूट रुंद आणि २०० फूट लांब अशा चार पट्ट्या. क्षेत्रफळ आधीही ४०,००० चौरस फूट होते, आताही तेवढेच आहे. परिमिती मात्र ८०० फुटांची २,००० झाली. मधले तीन नवे बांध तीन-तीन फुटांचे धरले तर १,८०० चौरस फूट, म्हणजे दीड गुंठ्याहून जास्त रान, केवळ भाऊबंदकीच्या लागवडीखाली आले. पुढच्या पिढीत याच पट्ट्या पुन्हा उभ्या चिरल्या जातात. मग बैलजोडी वळत नाही आणि ट्रॅक्टर वळताना चुलत्याच्या कांद्यातून जातो.

अशा वेळी मोजणी येते. शासकीय भूकरमापक नकाशा आणि यंत्र घेऊन बांधावर उभा राहतो. पूर्वी साखळी आणि फळी असे, आता उपग्रहाशी बोलणारा रोव्हर असतो. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा गेलेल्या असतात आणि नोटीस न मिळालेले सगळे हजर असतात. हद्दीचा मूळ दगड सापडत नाही. तो कोणी हलवलेला नसतो; पावसात आपला आपण गेलेला असतो. यंत्र कुठल्याशा तारामंडळाकडून बिंदू मिळवते, खुणा ठोकल्या जातात आणि दोन खुणांमध्ये फक्कीची पांढरी रेघ ओढली जाते. रेघ चार बोटे रुंद पडते. लगेच हद्द रेघेच्या अलीकडच्या कडेला की पलीकडच्या, यावर दोन्ही बाजूंचे वडीलधारे उकिडवे बसून बोट ठेवू लागतात. युक्लिडला हा त्रास नव्हता.

क्षेत्रफळ हा या धड्यातला सर्वांत मातब्बर भाग. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस. जुन्या मुंबई इलाख्याच्या पाहणीत ३३ फुटांचीच साखळी वापरत आणि तिचे १६ आणे पाडत. साखळीचा चौरस तो गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. ही पाहणीपद्धत १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातच, इंदापुरात, बसवली. त्याआधी प्रिंगल या अधिकाऱ्याने जमिनीची प्रत, पीक आणि लागवडीचा खर्च इतक्या बारकाईने हिशेबात घेतला होता, की त्यातून निघालेला सारा रयतेला झेपेना. अचूकपणाचा अतिरेक झाला की शेत ओस पडते, हे तेव्हाच सिद्ध झाले.

चौरसावर जमीन मोजायची सवय त्याहून फार जुनी आहे. जुन्नरच्या लेण्यांतील दानलेखांत जमीन ‘निवर्तन’ या मापात दिलेली आढळते. ‘लीलावती’त निवर्तनाची व्याख्या आहे: दहा हातांचा एक वेळू, आणि २० वेळूंची बाजू असलेला चौरस म्हणजे निवर्तन. शिवकालीन बिघाही २० काठ्या लांब आणि २० काठ्या रुंद असा चौरसच. राज्ये बदलली, काठी बदलली, विसाला वीस तेवढे टिकले. वीस हा आकडा हातापायांच्या बोटांनी सुटतो म्हणून असेल.

सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर असतात, तोंडात मात्र गुंठाच. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही सारखेच, असे बोलताना धरतात, आणि खरेदीच्या दिवशी मात्र कोणीच धरत नाही. एका एकरात हा फरक सुमारे ४७ चौरस मीटर होतो. माळरानावर एवढ्यात एक शेळी चरणार नाही. पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेला एवढ्यात दोन टपऱ्या, एक रसवंती आणि तिची चार बाकडी बसतात. क्षेत्रफळाच्या सूत्रात रस्त्यापासूनचे अंतर कुठेही येत नाही, हा त्या सूत्राचा मोठाच दोष म्हणावा लागेल.

वर्तुळाच्या क्षेत्रफळासाठी जुन्नर तालुक्याइतके चांगले उदाहरण क्वचितच कुठे सापडेल. नारायणगावजवळ खोडद येथे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने महाकाय मीटर तरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या ३० अँटेना प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. त्रिज्या साडेबावीस, पाय बावीस सप्तमांश. उत्तर सुमारे १,५९१ चौरस मीटर, म्हणजे पावणेसोळा गुंठे. तिसांची बेरीज पावणेबारा एकर. एवढी जमीन बागायती असती तर वाटण्यांत कधीच चिरून गेली असती. या तबकड्यांपैकी १४ मध्यभागी एक चौरस किलोमीटर परिसरात दाटीने आहेत आणि १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन भुजांवर लांबवर पसरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांत साधारण २५ किलोमीटर अंतर आहे. दूरच्या आकाशगंगेचा बारकावा दिसतो तो या अंतरामुळे; क्षेत्रफळामुळे क्षीण लहरी हाती लागतात. लांबी आणि क्षेत्रफळ यांची कामे वेगळी, हे खोडदच्या माळावर स्पष्ट दिसते. पाहुण्यांचा पहिला प्रश्न मात्र असा असतो, की यावर क्रिकेट दिसते का.

घनफळाकडे जाताना वाटेत ब्रास लागतो. वाळू, खडी आणि मुरूम मोजताना १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. बांधकामाची मजुरी ठरवताना १०० चौरस फूट म्हणजे एक ब्रास. एकाच घराच्या हिशेबात एकाच पानावर दोन्ही येतात आणि ठेकेदार ते ज्या सहजतेने एकमेकांत मिसळतो, ती पाहून गणिताच्या शिक्षकानेही वही मिटावी. शिवाय मुरूम गाडीत दोन ब्रास असतो. तोच जोत्यात पसरून, पाणी मारून, धुम्मस करून मोजला की कमी भरतो. राहिलेले घनफळ कुठे गेले याचे उत्तर ‘बसलं’ असे एका शब्दात मिळते.

३० फूट व्यासाची आणि ४० फूट खोल विहीर खणली तर सुमारे २८३ ब्रास दगडमाती बाहेर येते. वृत्तचितीचे सूत्र इथे चोख लागू पडते. ढीग कोणाच्या हद्दीत टाकायचा, ते सूत्रात नाही. पाणी लागल्यावर विहिरीत वाटे पडतात, तेही आण्यांत. चार आणे हिस्सा म्हणजे आठवड्यातून पावणेदोन दिवस मोटर चालवायची पाळी. घनफळ इथे तासांत मोजले जाते, आणि त्या पावणेदोन दिवसांत वीज किती वेळ होती, त्यावरच खरे घनमीटर ठरतात.

धान्याचे घनफळ मोजायला शेर आणि पायली होती. चार शेरांची पायली. वजनांसाठी दशमान पद्धत १९५८ पासून लागू होऊ लागली, तरी पायली घरोघरी बराच काळ टिकून राहिली. पायली दोन तऱ्हांनी भरता येते: काठोकाठ, किंवा वर शीग लावून. शीग म्हणजे शंकू, आणि शंकूचे घनफळ तेवढ्याच तळाच्या व उंचीच्या वृत्तचितीच्या एक तृतीयांश. शीग मापाच्या उंचीच्या चौथाईएवढी चढली, तर धान्य एक बारांशाने वाढते. घेताना शिगेची बारा मापे घ्यावीत आणि देताना काठाची तेरा द्यावीत. एक दाणा इकडचा तिकडे होत नाही, आणि देणारा उदार म्हणून नाव मिळते.

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पायलीच्या जागी क्रेट आहे. त्यात साधारण २० किलो माल बसतो. २०२३ च्या जुलैमध्ये अशा एका क्रेटला २,००० रुपयांहून जास्त भाव मिळाला. इतर वेळी तोच माल रस्त्याच्या कडेला ओतलेलाही लोकांनी पाहिला आहे. सारख्या आकाराचे गोळे खोक्यात कितीही नीट रचले तरी सुमारे ७४ टक्क्यांहून जास्त जागा भरत नाहीत, असे केप्लरने १६११ मध्ये म्हटले होते. ते सिद्ध व्हायला जवळपास चार शतके गेली. सहज ओतले तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त हवाच राहते. हमाल म्हणूनच क्रेट आपटून हलवतो. केप्लरचे नाव न घेता तो आणखी पाच-सहा टोमॅटो बसवून दाखवतो.

सर्वांत मोठे घनफळ धरणाचे. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे आहेत. डिंभे घोड नदीवर आहे आणि त्याच्या पाण्यात मूळ आंबेगाव बुडाले. तालुक्याला नाव आंबेगावचे, कचेरी घोडेगावात. पाणी टीएमसीत मोजतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. हजार फूट लांब, हजार फूट रुंद आणि हजार फूट उंच अशी पेटी कल्पावी. तिचा तळ २३ एकरांचा आणि उंची पायथ्यापासून मोजलेल्या शिवनेरीच्या आसपास. डिंभ्याची क्षमता साडेतेरा टीएमसीच्या जवळपास आहे, म्हणजे अशा साडेतेरा पेट्या. डिंभ्यातून माणिकडोहाकडे बोगदा काढायचा प्रस्ताव आला तेव्हा बोगद्याच्या लांबीवरून फारसा वाद झाला नाही. त्याचे तोंड धरणात कोणत्या पातळीला ठेवायचे, यावरून आंबेगावकर खवळले. कारण तोंड तळाला असेल तर पाणी शेवटपर्यंत जाते.

धरणातून पाणी सुटते ते क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एका क्युसेकने एक टीएमसी सोडायला एक अब्ज सेकंद लागतात. त्याची ३१ वर्षे आणि आठ महिने होतात. हजार क्युसेकने सोडले तर साडेअकरा दिवस. हौद आणि तोट्यांचे जुने गणित ते हेच: हौद पाच, आणि तोट्या जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत व करमाळा अशा सात. पुस्तकातल्या तोट्या निमूट वाहतात. इथल्या तोट्या आवर्तन ठरायच्या दिवशी आपापले आमदार घेऊन कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला येतात.