टाकी, चमचे आणि तपकीर गल्ली

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की सगळ्यांना कळतं, फक्त मोटरच्या बटणाशेजारी राहणाऱ्याला कळत नाही. तो मी. कोथरूडमध्ये तळमजल्यावर राहण्याचे जे तोटे आहेत, त्यांतला हा पहिला. खडकवासल्याचं पाणी थेट खालच्या स्कूटरींवर कोसळतं आणि वरून हाक येते, "काका, मोटर!"

तोडगा सुचवला दुसऱ्या मजल्यावरच्या आठवीतल्या मुलीने. "आजोबा, अलार्म करू. सोपा असतो." मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, फ्यूज बदलायलाही वायरमन बोलावला. पण आठवीतलं पोर 'सोपं असतं' म्हणालं की पेन्शनराला नाही म्हणवत नाही.

पहिला धडा एलईडीचा. लांब पाय धन, आखूड पाय ऋण. बॅटरी ९ व्होल्टची. त्यातले साधारण २ व्होल्ट लाल एलईडी स्वतःकडे ठेवतो, उरलेले ७ रेझिस्टरने सोसायचे. ७ भागिले ३३०, म्हणजे २१ मिलिअँपिअरच्या आसपास. हा हिशोब ज्याच्या नावावर आहे तो जॉर्ज ओहम जर्मनीत कलोनच्या शाळेत मास्तर होता. १८२७ साली त्याने आपला नियम छापला, तर घरच्या विद्वानांनी नाकं मुरडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने पदक दिलं ते १८४१ साली. बाहेरून पदक आल्यावर मग सत्कार! ओहम कोथरूडात सहज रुळला असता.

रेझिस्टर किती ओहमचा हे त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखायचं. त्यासाठी माझी गुरू कुणा बी. बी. रॉयबद्दलचं एक इंग्रजी वाक्य घोकते. मला त्याची गरज पडली नाही. दोनपासून सातपर्यंत लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, म्हणजे आपलं तानापिहिनिपाजाच की! त्यातला 'पा' तेवढा गाळायचा. सुरुवातीला शून्य आणि एकसाठी काळा-तपकिरी, शेवटी आठ आणि नऊसाठी राखाडी-पांढरा. नारिंगी, नारिंगी, तपकिरी म्हणजे तीन, तीन आणि त्यावर एक शून्य. ३३०. शाळेत पाठ केलेलं असं व्याजासकट परत मिळालं की बरं वाटतं.

सामान आणायला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. वनाजला मेट्रोत बसायचं, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची, मंडईला उतरायचं. त्या गल्लीत माणसापेक्षा वायर जास्त. गिऱ्हाइकं बहुतेक इंजिनिअरिंगची पोरं, सगळ्यांचं प्रोजेक्ट उद्या द्यायचं असतं.

"काय पाहिजे?"

"३३० ओहमचा रेझिस्टर."

"पाव वॅट?"

"हो." (का हो, ते विचारू नका.)

"किती?"

"एक."

दुकानदाराने पहिल्यांदा मान वर केली. "काका, एक नाही मिळत. दहाची पट्टी घ्या. नातवाचं प्रोजेक्ट का?"

"नाही, माझंच."

त्याने पोऱ्याला सांगून मला स्टूल दिलं. बाकीची यादी त्याने माझ्या हातून घेऊन स्वतःच वाचली आणि न सांगता बीसी ५४७ ट्रान्झिस्टर दोन जास्त टाकले. "लागतील," एवढंच म्हणाला.

ब्रेडबोर्ड म्हणजे आमची सोसायटीच. एका ओळीतल्या पाच भोकांचं आतून संगनमत, आणि मधल्या खाचेपलीकडच्या पाचांशी बोलणं बंद. ए विंग, बी विंग. वायर टाकून जोडल्याशिवाय इकडची वीज तिकडे जात नाही.

मग ट्रान्झिस्टर. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली. डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बेसमध्ये चिमूटभर करंट गेला की कलेक्टरमधून त्याच्या शंभर-दोनशे पट सोडतो. बॅटरीच्या धन टोकाची एक वायर आणि बेसची एक वायर मोकळी ठेवली, दोन्ही टोकांना बोटं लावली. एलईडी मिणमिणला. तेवढ्यात कणीक मळता मळता सौ. बाहेर आली. तिने तशाच ओल्या बोटांनी वायरी धरल्या आणि एलईडी लख्ख पेटला. ओल्या कातडीचा विरोध कमी असतो, हे मी समजावून सांगत होतो. "विरोध कुणाचा कमी आहे ते सगळ्या घराला माहितीये," म्हणत ती आत गेली.

मला यातलं सगळ्यात आवडलं ते हे, की सर्किटला मत नसतं. जोडलं तर लागतं, तुटलं तर विझतं. पूर्वी कसं होतं, कोपऱ्यावरच्या सोसायटीत कसं आहे, हे काढत बसत नाही.

सोसायटीच्या मीटिंगला मात्र सगळं निघालं. बोटांच्या जागी टाकीतलं पाणी, एलईडीच्या जागी बझर, इतकं साधं यंत्र. तरी बझर कुणाच्या घरात वाजणार, यावर अर्धा तास. बी विंगची टाकी वेगळी, मग तिचा बझर या खर्चात का नाही, यावर तेवढाच. खजिनदारांनी ट्रान्झिस्टरचं जीएसटीचं पक्कं बिल मागितलं. ट्रान्झिस्टर चहाच्या कटिंगपेक्षा स्वस्त होता.

गुरूने तांब्याच्या वायरी थेट पाण्यात सोडायला बंदी केली. पाण्यातून एकाच दिशेने करंट गेला की धन टोकाचं तांबं झिजत जातं, हिरवट होतं. म्हणून स्टील. सौ.चे दोन चमचे तेव्हापासून टाकीच्या काठाला लोंबताहेत. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून ते वीज नेतं. शुद्ध डिस्टिल्ड पाणी असतं तर बझर जवळजवळ मुकाच राहिला असता. महापालिका तेवढं शुद्ध पाणी देत नाही, हे आमच्या पथ्यावर पडलं.

पाणी चमच्यांना लागलं की बझर किंचाळतो. तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातो. त्यामुळे आता "काका, मोटर!"ऐवजी "काका, बझर!" अशी हाक येते. मोटर आपोआप बंद करायला रिले बसवू, असं गुरू म्हणाली. पण तिथे २३० व्होल्ट येतात, त्याला लायसनवाला वायरमनच हवा, असं तिच्या आईने आणि सौ.ने एका सुरात बजावलं. तळमजला आणि दुसरा मजला यांचं इतकं एकमत मी प्रथमच पाहिलं.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. दूध उतू जाण्याआधी वाजेल असं काही होईल का? गुरूने डोळे बारीक केले. दुधात क्षार भरपूर, पातेल्याच्या काठाशी फेस वर आला की दोन टोकं जोडली जाणार. होईल. मी तपकीर गल्लीची यादी करायला घेतली. चमचे या खेपेला काकूंचे, ही अट सौ.ने स्वयंपाकघरातूनच घातली.