होरागुरुजी

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात कुणी 'अवर'ला 'हावर' म्हणालं की गुरुजी खूश. इंग्रज एच लिहितात आणि बोलताना गिळतात, यावर त्यांचा जुना राग. "अरे, त्यांनी टाकलेला एच आपण जपलाय! होरा! म्हण बघू." हमाल बापडा डोक्यावर क्रेट घेऊन 'होरा' म्हणतो आणि वाट मिळते का बघतो.

मूळ ग्रीक 'होरा'. एक शाखा लॅटिन, फ्रेंच करत इंग्रजीत गेली, दुसरी ज्योतिषाबरोबर संस्कृतात आली. इथवर ठीक. पण ही दुसरी शाखा गुरुजींना कल्याण बंदरात उतरवून नाणेघाटानेच वर चढवायची असते. पुरावा म्हणून जुन्नरच्या लेण्यांतले यवन दाते. "इरिलाने दोन पोढ्या दिल्या, चिटाने भोजनमंडप!" शिलालेख अगदी खरे. मात्र पोढी म्हणजे पाण्याचं टाकं, आणि होऱ्याबद्दल तिथे चकार शब्द नाही. हे बोलून दाखवणाऱ्याची मंचरची एसटी हमखास चुकते.

एक जोशीबुवा तेवढे बधत नाहीत. 'अहोरात्र'मधलं पहिलं नि शेवटचं अक्षर गाळलं की होरा उरतो. वराहमिहिराच्या बृहज्जातकातच ही व्युत्पत्ती आलीय, असं ते ठणकावतात. त्यावर गुरुजी म्हणतात, "तसं टोमॅटोचं केलं तर नुसतं 'मॅ' उरतं!"

खरी रंगत वारांच्या गणिताला. ओट्यावर सात टोमॅटो ओळीने मांडतात: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दर होऱ्याला एक मालक. रविवारचा पहिला होरा रवीचा. तिथून बोट पुढे सरकतं, चंद्रानंतर परत शनीवर येतं. चोवीस होरे संपले की पंचविसाव्याला बोट नेमकं चंद्रावर. "झाला सोमवार!" गुरुजींचा चेहरा असा फुलतो, जणू सोमवार त्यांच्याच वावरात पिकलाय.

परवा गणित अर्ध्यावर असताना एक व्यापारी आला. त्याने मंगळ उचलला, अंगठ्याने दाबला आणि बाजूला टाकला.

"गुरुजी, हा मऊ पडलाय. बाकीचे सहा काय भावाने?"

"आधी तो मंगळ जागेवर ठेव," गुरुजी कडाडले, "नाहीतर सोमवारनंतर एकदम बुधवार उजाडेल!"