कापूस निघाला की खोली तुमची

पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरताना माणूस नकाशा पाहत नाही, रिक्त जागा पाहतो. २०२४ च्या भरतीत असाच मी सांगली जिल्ह्यातून थेट झरी जामणी तालुक्यात येऊन पडलो. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. किराणा दुकानात तेलुगू, शाळेच्या व्हरांड्यात पोरांची आपसात कोलामी, बसमध्ये मागच्या सीटवर गोंडी, आणि मी तोंड उघडलं की सगळ्यांचा एकच प्रश्न, "सर, तुमी कोनीकडचे?"

राहायचं कुठं, हा त्याच्या पुढचा प्रश्न. शिक्षकानं मुख्यालयी राहावं असा नियम आहे, आणि घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. त्यामुळे आसपासचे बरेच गुरुजी कागदावर आपापल्या गावात सुखानं नांदतात आणि वणी-पांढरकवड्याहून अपडाऊन करतात. (त्यांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. पोरांचं कॉलेज आणि म्हाताऱ्यांचा दवाखाना तिकडेच आहे.) पण वर्षानुवर्षं कागदावरचे भाडेकरू सांभाळल्यामुळे गावात भाड्याची खोली नावाची चीजच उरलेली नव्हती. खरोखर राहायला आलेला मास्तर म्हटल्यावर लोकांना वेगळीच शंका. घरी भांडण झालं असेल, नाहीतर आधीच्या गावात काही लफडं. सरपंचांनी मायेनं तोड काढली, "ठराव देतो ना सर. खोली कायले पायजे?"

मुकुटबनला विचारून पाहिलं, तर सिमेंट कारखान्यावरची माणसं आधीच खोल्या धरून बसलेली. पोडावरच्या नाईकांनी सरळ चावडीत झोपा म्हणून सांगितलं. कोलामांच्या पोडात अशी चावडी असतेच. एवढ्या बिनशर्त जागेची मला सवय नव्हती, म्हणून मी आभार मानून निघालो. त्याच सुमारास जर्मनीत गेलेला एक मित्र फोनवर रडत होता. तिथं घरमालक 'शुफा' नावाचं पतपत्र मागतात, आणि नव्यानं आलेल्या माणसाची तिकडे पत कुठून असणार? मला कुणी पतपत्र मागितलं नाही, फक्त आडनाव विचारलं. ते इथल्या कुठल्याच यादीत बसेना. मग गाव कोणतं, मामाचं आडनाव काय, मटण खाता का, अशा वळणांनी तपास चालायचा. शेवटी एका म्हाताऱ्या बुवांनी कंटाळून विषय संपवला, "मास्तर हाय ना? मंग झालं."

बुवांकडे मागची खोली होती, स्लॅबची. दार उघडलं तर आत छतापर्यंत कापूस. "हा निंगाला का खोली तुमची," बुवा म्हणाले. लांब धाग्याचा त्या हंगामाचा हमीभाव होता ७,०२० रुपये. पण २०२२ मध्ये भाव दहा हजारांच्या वर गेलेला त्यांनी स्वतः पाहिला होता, आणि तेवढा आल्याशिवाय एक बोंडही हलणार नव्हतं. मी पुढच्या छपरीत खाट टाकली. ऊसपट्ट्यातला मी माणूस, पण सकाळी उठून आधी मोबाइलवर कापसाचे दर पाहू लागलो. कापूस चढावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माझ्यासारखा सांगलीकर दुसरा नसेल. मधे भाव जरा उचलला तेव्हा मी सुचवून पाहिलं. बुवा म्हणाले, "थांबा, अजून चढते."

चढला नाही. पेरणीच्या तोंडावर बी-बियाण्याला पैसा लागला आणि पडेल त्या भावानं गाडी भरली. माझी खोली मोकळी झाली ती बुवांच्या नुकसानीत. पेढे वाटावेत की तोंड पाडून बसावं, कळेना. आजींनीच खोली झाडली, शेणानं अंगण सारवलं आणि रांगोळी घातली. त्या रात्री अंगाला अशी खाज सुटली की मी खाट घेऊन परत छपरीत. साठवलेल्या कापसाची खाज घरोघर ठाऊक असते, मला कुणी सांगायची राहिली होती. आजी हसून हसून बेजार. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं आंघोळ घातली. मग हळूहळू खोलीनं मला ठेवून घेतलं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मुख्यालयी राहणाऱ्यांचा ठराव झाला. यादीत अपडाऊनवाले सगळे होते, माझंच नाव नव्हतं. सरपंचांना विचारलं तर ते खरोखरच चकित झाले.

"तुमाले कायले ठराव? तुमी त इथंच रायता!"